बोट लागण्यावरच्या गोळीची कुळकथा

औषधांच्या दुकानात अव्होमिन मागितली की दुकानदार आजार विचारत नाही, कुठं निघालात म्हणून विचारतो. वरंधा घाट असो, आंबोली असो, की मुंबईच्या बंदरातून सुटणारी क्रूझ. ही गोळी प्रवासाच्या सामानातच धरली जाते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. औषधाचं कूळ मात्र जरूर शोधावं. बोट लागण्यावरच्या गोळीचं तर शोधलंच पाहिजे, कारण ती कधी घ्यावी, घेतल्यावर एवढी झोप का येते आणि उशिरा घेतली तर वाया का जाते, हे सगळं तिच्या जन्मकथेत आहे. त्या कथेत एका जुन्या अन्यायाचीही हकिकत आहे. हे दुखणं ना पोटात उगवतं ना मनाच्या कमजोरीतून, तरी शेकडो वर्षं माणसं आपल्या पोटाला आणि धीराला दोष देत आली.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने एका पत्रात आपली फजिती लिहून ठेवली आहे. नेपल्सहून पुटिओलीला जाताना समुद्र खवळला आणि त्याला बोट लागली. मळमळ एवढी की बुडण्याची भीतीही उरली नाही. त्याने खलाशाला किनाऱ्याकडे वळायला लावलं आणि किनारा पुरता येण्याआधीच अंगावरच्या लोकरी वस्त्रानिशी पाण्यात उडी घेतली. सिसेरोची गोष्ट याहून करुण आहे. ख्रिस्तपूर्व 43 साली मारेकरी मागावर असताना तो जहाजात चढला होता, सुटकाही समोर होती. पण उलटा वारा आणि जहाजाचे हेलकावे त्याला सोसेनात. तो परत किनाऱ्यावर उतरला आणि तिथंच मारला गेला.

या दोघांना कुणी दर्यावर्दी म्हणणार नाही. पण नेल्सनला म्हणावंच लागेल. ब्रिटिश आरमाराचा हा सेनापती आयुष्यभर समुद्रावर राहिला आणि वारा जोराचा सुटला की दर वेळी आजारी पडायचा. त्याने पत्रांतून ते लपवलेलं नाही. 27 डिसेंबर 1831 रोजी 'बीगल' जहाजावरून निघालेला चार्ल्स डार्विन पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या जहाजावर होता, आणि समुद्र उठला की आडवं पडून मनुका चघळणं एवढंच त्याच्या हाती असायचं. याउलट मोहनदास गांधी. 1891 च्या पावसाळ्यात बॅरिस्टर होऊन परतताना अरबी समुद्र चांगलाच खवळलेला होता, जवळजवळ सगळे प्रवासी आडवे झालेले, आणि हे डेकवर उभे राहून लाटांचे तुषार अंगावर घेत होते. आत्मकथेत त्यांनी ते सांगितलं आहे. ट्रफल्गारचा वीर नेल्सन आजारी आणि कोर्टात बोलताना पाय थरथरणारा तरुण बॅरिस्टर ठणठणीत. धैर्याचा आणि बोट लागण्याचा संबंध नाही, याला आणखी कुठला पुरावा हवा?

आपल्या कोकणाला हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करत पणजीपर्यंत जात. पाऊस लागला की या लांब पल्ल्याच्या बोटी बंद. दर्या शांत झाला की पुन्हा सुरू. डेकवर वळकट्या पसरून अख्खी कुटुंबं झोपायची, आणि बोट बंदर सोडून मोठ्या लाटांवर आली की आधी मुलं, मग बाया, मग बढाई मारणारे बाप्ये, असे एकेक जण आडवे व्हायचे. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यातच नांगर पडायचा आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं. बोटीत तगून राहिलेला माणूस त्या पडावात हटकून हार खायचा. यावरचे उपाय घरचेच होते: लिंबू हुंगायचं, आवळासुपारी किंवा लवंग तोंडात धरायची, आलेपाकाची वडी चघळायची. कोकणातून मुंबईला गिरणीत, गोदीत, घरकामाला गेलेल्या माणसांच्या आठवणींत त्या बोटीचा वास अजून आहे. कोकणच्या बोटींच्या इतिहासात 17 जुलै 1947 रोजी बुडालेली 'रामदास'ही आहे, आणि तिच्यापुढे मळमळीचं दुःख अगदीच लहान. तरी ते दुःख होतं, आणि ते भोगणाऱ्याला 'नाजूक' म्हणून हसण्याची रीतही होती.

युरोपातले डॉक्टर या काळात काय करत होते, तर जे सुचेल ते. लंडनच्या जॉन चॅपमन या डॉक्टर-प्रकाशकाने 1860 च्या दशकात पाठीच्या कण्यावर बर्फाची पिशवी बांधायचा उपाय काढला. डार्विननेही पुढे आपल्या दुसऱ्या दुखण्यासाठी त्याचा बर्फ वापरून पाहिला. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड ब्रोमाइड देत होता, म्हणजे प्रवाशाला जवळजवळ गुंगवूनच ठेवत होता. कुणी पोटावर घट्ट पट्टा आवळायला सांगे, कुणी शॅम्पेन प्यायला. या सगळ्यांत मला हेन्री बेसेमरचा प्रयत्न सर्वांत मनापासूनचा वाटतो. तो फसला तरी.

बेसेमर म्हणजे स्वस्त पोलाद बनवण्याची रीत शोधणारा तोच. 1868 साली कॅलेहून डोव्हरला येताना त्याला बोट अशी काही लागली की घरी पोचल्यावरही तो बरेच दिवस सावरला नाही. पैसा होता, डोकं होतं, कारखाना होता. त्याने ठरवलं, जहाज हलू दे, माणूस बसतो ती खोली हलता कामा नये. घराच्या आवारात नमुना उभारून त्याने प्रयोग केले आणि एडवर्ड रीड या नामांकित जहाजरचनाकाराला बरोबर घेऊन 'बेसेमर' नावाचं जहाज बांधलं. ते 1874 साली हल बंदरात पाण्यात उतरलं. जहाजाच्या मधोमध सुमारे 70 फूट लांबीचं, कोरीव लाकूडकाम केलेलं एक दालन आसावर टांगलेलं होतं. एक माणूस पाणपातळीच्या नळीकडे नजर लावून बसणार आणि जहाज एका अंगाला कललं की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने दालन उलट्या दिशेला वळवणार, अशी योजना. 8 मे 1875 रोजी प्रवासी घेऊन निघालेलं हे जहाज सुकाणूला दाद न देता कॅलेच्या धक्क्यावर आदळलं. त्याआधीच्या चाचणीतही तेच झालं होतं. गुंतवणूकदार पळाले, कंपनी मोडली आणि 1879 मध्ये जहाजही भंगारात गेलं.

धक्क्यावर आदळलं नसतं तरी बेसेमरचं दालन पुरं पडलं नसतं, असं माझं मत आहे. ते दालन डावी-उजवीकडचं कलणं सावरणार होतं. पण माणसाला सर्वांत जास्त छळते ती खालीवर होणारी हालचाल, आणि तिला त्या आसात उत्तरच नव्हतं. पुढे 1974 साली ओ'हॅनलन आणि मॅकॉली या अमेरिकी संशोधकांनी माणसांना खालीवर हलणाऱ्या खोलीत बसवून मोजलं. साधारण पाच-सहा सेकंदांत एक आवर्तन पूर्ण करणारा हेलकावा सर्वांत वाईट ठरला. त्याहून जलद धक्के माणूस सोसतो, त्याहून संथही सोसतो. मोठ्या जहाजाचं लाटेवर चढणं-उतरणं नेमकं या टापूच्या आसपास पडतं.

गोळीचा खरा वंश सुरू होतो तो कानापासून. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लूरांसने कबुतरांच्या आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. ऐकू येणं तसंच राहिलं, पण कबुतरं गरगरू लागली. 1861 साली पॅरिसच्या मेनिएरने दाखवलं की चक्कर आणि उलटी कानाच्या बिघाडानेही येते. 1881 मध्ये आयर्विन नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की बोट लागणं, गाडी लागणं, झोका लागणं हे सगळं एकच दुखणं आहे. आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये विल्यम जेम्सने एक साधा प्रश्न विचारला: ज्यांचा आतला कान निकामी आहे त्यांना गरगरल्यावर चक्कर येते का? त्याने 519 कर्णबधिर व्यक्तींना गोल फिरवून पाहिलं. 186 जणांना चक्कर आलीच नाही. हार्वर्डच्या सुमारे दोनशे ऐकत्या विद्यार्थ्यांना फिरवलं, तर तसा एकच निघाला. ज्यांना चक्कर येत नाही त्यांना बोटही लागणार नाही, हा तर्क त्याने तेव्हाच मांडला.

त्या तर्काचा पुरावा समुद्रावर मिळायला पाऊणशे वर्षं लागली. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातल्या अकरा जणांवर अमेरिकन आरमाराने 1958 पासून दहा वर्षं प्रयोग केले. अवकाशात माणूस पाठवायचा तर त्याला मळमळणार का, हे कळायला हवं होतं. या अकरांपैकी दहा जणांचा आतला कान लहानपणी मेंदूज्वरात गेला होता. त्यांना नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यापुढे उधाणलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. ते निवांत पत्ते खेळत बसले आणि प्रयोग करणारे शास्त्रज्ञच एवढे आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला. अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांच्या पायाशी या अकरा माणसांचं ऋण आहे. ते फार उशिरा मान्य झालं याचं मला वाईट वाटतं.

आता कारण सांगता येतं. केबिनमध्ये डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, कान सांगतो आपण वरखाली होतो आहोत, आणि मेंदूला या दोन साक्षींचा मेळ लावता येत नाही. पण मेळ बसत नाही म्हणून उलटी का व्हावी? 1977 साली मिशेल ट्राइझमन यांनी 'सायन्स'मध्ये एक उत्तर सुचवलं. निसर्गात डोळा आणि कान यांची फारकत होण्याचं एक जुनं कारण म्हणजे विषबाधा. विषारी पान, कुजकं फळ पोटात गेलं की तोल जातो. म्हणून तोल बिघडला की पोट रिकामं करायचं, ही शरीराची प्राचीन खबरदारी असावी. बोटीवर ती भलत्या वेळी जागी होते. हे अजून अनुमानच आहे, पण मला ते पटतं, आणि गोळीच्या कुळाशी ते फार जवळून जुळतं. कारण या दुखण्यावरचं पहिलं खरोखर चालणारं औषध विषारी झाडांतूनच आलं.

त्या झाडांपैकी एक आपल्या परसात उगवतं आणि श्रावणात शंकराला वाहिलं जातं: धोतरा. धोतरा, खुरासानी ओवा, युरोपातली बेलाडोना ही सगळी एका कुटुंबातली. त्यांत हायोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यालाच स्कोपोलामिनही म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लाडेनबुर्गने 1880 च्या सुमारास ते वेगळं काढलं. थोड्या प्रमाणात ते मेंदूकडे जाणारा तोलाचा कलकलाट शांत करतं, जास्त झालं की माणसाला भ्रम होतो, आणि त्याहून जास्त झालं की मरण. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिकांना समुद्रमार्गे परक्या किनाऱ्यावर उतरवायचं होतं. उतरताक्षणी ते लढण्याच्या स्थितीत असायला हवे होते. म्हणून सरकारांनी या दुखण्याकडे पहिल्यांदा पैशानिशी लक्ष दिलं. कॅनडाच्या आरमारासाठी इन्शुलिनच्या शोधातला चार्ल्स बेस्ट बोट लागण्यावरच्या गोळीच्या मागे लागला. ब्रिटनमध्ये हॉलिंग, मॅकार्डल आणि ट्रॉटर यांनी खवळलेल्या समुद्रात सैनिकांवर निरनिराळी औषधं पारखली आणि 1944 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की हायोसिन सर्वांत सरस. त्याच वर्षी 6 जूनला नॉर्मंडीवर उतरणाऱ्या सैनिकांच्या खिशात गोळ्या होत्या आणि उलटीसाठी कागदी पिशव्याही. सपाट तळाच्या नावा वादळानंतरच्या लाटांवर तासन्‌तास हिंदकळत होत्या. गोळ्या घेऊनही असंख्य जण ओकतच किनाऱ्यावर उतरले.

युद्धानंतर ही शाखा एका सुबक जागी पोचली. पोटातून हायोसिन दिलं की त्याचा जोर एकदम चढतो आणि तोंडाला कोरड पडते. कॅलिफोर्नियाच्या अल्झा कंपनीने ते त्वचेतून थेंबाथेंबाने देणारी पट्टी काढली. कानामागे लावायची, तीन दिवस टिकते. 1979 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही पट्टी म्हणजे त्वचेतून औषध देणारी तिथली पहिलीच. आज निकोटीनच्या, हॉर्मोनच्या, वेदनाशामकाच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्या सगळ्यांची ही थोरली बहीण, आणि तिचा जन्म बोट लागण्यासाठी झाला.

इथं एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. धोतरा घरी वापरायची वस्तू नाही. एका झाडाच्या बियांत आणि दुसऱ्याच्या बियांत द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं, आणि धोतऱ्याने माणसं मेलेली आहेत. औषध व्हायला त्याला प्रयोगशाळेतूनच यावं लागतं.

आता दुसरी शाखा. अव्होमिन या शाखेतली. हिची सुरुवात समुद्रापासून फार दूर, अंगावर उठणाऱ्या पित्तापासून झाली. शरीरात हिस्टामिन उसळलं की गांधी उठतात, नाक वाहतं. 1937 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे याने हिस्टामिनला अडवणारं पहिलं द्रव्य दाखवलं आणि त्याला पुढे 1957 चं नोबेल मिळालं. त्याचं द्रव्य माणसाला द्यायला फार विषारी होतं, पण वाट सापडली. अमेरिकेत सिनसिनाटीचा जॉर्ज रिव्हेशल स्नायू सैल करणारं औषध शोधत असताना त्याच्या हाती डायफेनहायड्रामिन लागलं. 1946 मध्ये ते बेनाड्रिल या नावाने बाजारात आलं. आपल्या घरातलं खोकल्याचं बेनाड्रिल याच घराण्यातलं. औषध उत्तम, फक्त झोप अनावर.

सर्ल कंपनीने या झोपेवर एक तोड काढली. डायफेनहायड्रामिनला त्यांनी थिओफिलिनच्या एका भावंडाची जोड दिली. थिओफिलिन म्हणजे चहात असणारं, कॅफिनच्या नात्यातलं तरतरी देणारं द्रव्य. एक झोप आणील, दुसरं जागं ठेवील, हा हिशेब. ही जोडगोळी 1947 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लायनर या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे तपासायला आली. त्यांनी ती पित्त उठणाऱ्या एका बाईंना दिली. बाई पुढच्या खेपेला आल्या त्या वेगळीच वार्ता घेऊन. त्यांना जन्मभर ट्राम लागायची. ही गोळी घेतल्यापासून लागत नव्हती.

या कथेतली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. डॉक्टर पित्ताबद्दल विचारत होते, बाईंनी ट्रामबद्दल सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते कानाआड केलं नाही. त्यांनी बाईंना नकळत नुसती साखरेची गोळी देऊन पाहिलं. ट्राम पुन्हा लागली. खरी गोळी दिली, थांबली. मग दुसऱ्या रोग्यांवरही तेच दिसलं. एवढ्या पुराव्यावर ते अमेरिकन सैन्याकडे गेले. नोव्हेंबर 1948 च्या अखेरीस 'जनरल बॅलू' हे सैनिकवाहू जहाज न्यूयॉर्कहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला निघालं. हिवाळ्याचा अटलांटिक, तेराशेच्या वर सैनिक, आणि बरोबर हे दोघे डॉक्टर. काही सैनिकांना निघतानाच गोळी, काहींना नुसती खडीसाखरेसारखी निरुपद्रवी गोळी, आणि बाकीच्यांना आजारी पडल्यावर. ज्यांना आधी गोळी मिळाली होती त्यांतले अगदी थोडे आडवे झाले. ज्यांना खोटी मिळाली त्यांची गत नेहमीसारखीच झाली. 1949 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आले आणि ड्रामामिन हे नाव वर्षभरात जगभर पोचलं.

अव्होमिन ही ड्रामामिनची चुलतबहीण. फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीत पॉल शार्पांतिये आणि त्याचे सहकारी 1940 च्या दशकात फेनोथायाझिन या द्रव्यावर काम करत होते. त्याचं मूळ रंगांच्या रसायनशास्त्रात होतं. त्यातून प्रोमेथाझिन निघालं. फेनरगन या नावाने ते आपल्याकडच्या आयांना माहीत आहे. या प्रोमेथाझिनला थिओफिलिनच्या त्याच भावंडाची जोड दिली की होतं प्रोमेथाझिन थिओक्लेट, म्हणजेच अव्होमिन. इंग्लंडच्या मे अँड बेकरने ती विकली आणि ती भारतात आली. युक्ती तीच, हिशेब तोच. प्रोमेथाझिनचीच थोडी बदललेली पुढची पिढी म्हणजे 1950 अखेरीस शार्पांतियेने बनवलेलं क्लोरप्रोमाझिन, ज्याने मनोविकारांच्या उपचारांचा चेहरा बदलला. आणि खुद्द प्रोमेथाझिन अंतराळातही गेलं. शटलमधल्या अंतराळवीरांना मळमळ झाली की त्याचंच इंजेक्शन दिलं जायचं. घाटातल्या एसटीत आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात एकच औषध चालतं, कारण कान दोन्हीकडे सारखाच गोंधळतो.

थिओफिलिनची जोड देऊनही झोप पुरती गेली नाही, आणि ती जाणारही नव्हती. ही औषधं काम करतात ती मेंदूत शिरून. तोलाचे संदेश जिथं गोळा होतात तिथं हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या निरोप्यांना ती अडवतात, आणि तेच निरोपे माणसाला जागंही ठेवतात. म्हणूनच मेंदूत फारशा न शिरणाऱ्या नव्या ॲलर्जीच्या गोळ्या, सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन, बोट लागण्यावर उपयोगी पडत नाहीत. पोटात कळा आल्या की घेतो ती ब्युस्कोपॅन हायोसिनच्याच कुळातली, पण तीही मेंदूपर्यंत पोचत नाही. उलटीवर हल्ली सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉन पोटाच्या बिघाडात गुणकारी, पण कानातून आलेल्या उलटीवर तिचा फारसा इलाज चालत नाही. प्रवासाला निघताना घरातली कुठलीतरी उलटीची गोळी पिशवीत टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बेल्जियमच्या यान्सेनने 1955 साली बनवलेली सिनारिझिन, म्हणजे चक्करीवर दिली जाणारी स्टुजेरॉन, ही मात्र बोटीवर चालते. युरोपातल्या शिडाच्या होड्यांवरचे लोक तिच्यावर विश्वास ठेवून असतात.

आणि आलेपाक? आजीच्या उपायाला शास्त्रानेही तपासलं आहे. 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लेख आला. मळमळणाऱ्या माणसांना फिरत्या खुर्चीत बसवून सुंठीची पूड आणि ड्रामामिन यांची तुलना केली होती, आणि सुंठ जिंकली होती. तो प्रयोग लहान होता. मला 1988 मधला डेन्मार्कचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण तो खऱ्या समुद्रावर झाला. आरमाराच्या 80 शिकाऊ खलाशांना खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम सुंठ किंवा निव्वळ फसवी पूड दिली. सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि थंड घाम कमी झाला. मळमळ आणि चक्कर यांत मात्र सांख्यिकी कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नाही. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत सुंठीला असं यश आलेलं नाही. तेव्हा निकाल असा: आलं मदत करतं, झोप आणत नाही, पण समुद्र खरोखर उठला तर एकट्या आल्यावर विसंबू नये. मनगटावरच्या बिंदूवर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा त्याहूनही कच्चा आहे. घालायला हरकत नाही एवढंच.

बेसेमरचं स्वप्नही मेलं नाही. माणसाची खोली स्थिर ठेवण्याऐवजी जहाजच कमी कलेल अशी तजवीज झाली. जहाजाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे फिरते पंख बसवायची डेनी-ब्राउन पद्धत 1936 मध्ये 'आइल ऑफ सार्क' या इंग्लिश खाडीतल्या बोटीवर आली. 1950 मध्ये पी अँड ओ कंपनीच्या 'चुसान' या मोठ्या प्रवासी जहाजावर ती बसली, आणि 'चुसान' मुंबईला येणारी होती. आजच्या क्रूझवर असे पंख असतातच. पण बेसेमरची उणीव त्यांच्यातही आहे. कलणं ते आवरतात, खालीवर होणं नाही.

म्हणून खोली निवडताना भान ठेवावं. जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त हलतात आणि मधला भाग कमी. सी-सॉच्या मधोमध बसलेल्या मुलासारखं. उंच मजल्यावरची, पुढच्या टोकाची, गॅलरीवाली केबिन महाग असते आणि बोट लागणाऱ्यासाठी वाईट असते. मधल्या भागातली खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त आणि चांगली. मळमळ सुरू होतेय असं वाटलं की डेकवर यावं, वारा घ्यावा आणि क्षितिजाकडे पाहावं, म्हणजे डोळा आणि कान एकच साक्ष देऊ लागतात. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावं. पोट अगदी रिकामं नको आणि तेलकट खाऊन भरलेलंही नको. मद्य टाळावं. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू ही नवी हालचाल शिकून घेतो. दोन रात्रींच्या गोव्याच्या फेरीत मात्र तेवढी उसंत मिळत नाही, म्हणून छोट्या क्रूझवाल्यांनीच गोळीचा विचार जास्त करावा.

आता गोळीची वेळ. 'जनरल बॅलू'वर आधी गोळी घेतलेले तगले, हे सूत्र आजही तितकंच खरं आहे. एकदा मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम थांबवतं, पोटातली गोळी पुढे सरकत नाही, रक्तात उतरत नाही आणि बहुधा उलटीबरोबर बाहेर पडते. तेव्हा अव्होमिन बोट सुटण्याआधी तास-दोन तास घ्यावी, मोठा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना. कानामागची पट्टी निघण्याच्या निदान चार तास आधी लावावी आणि लावल्यावर हात धुवावेत, कारण ते द्रव्य डोळ्याला लागलं तर बाहुली विस्फारते. गोळी घेतल्यावर गाडी चालवू नये, दारू घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होत असेल, गर्भारपण असेल किंवा झोपेच्या, मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बरोबरच्या कुणाला बोट लागली तर त्याला नाजूक म्हणून हसू नका. त्याला हात धरून डेकवर न्या, आणि पुढच्या वेळी बोट सुटायच्या आधी गोळी घ्यायची आठवण करा.